पहिला तंबोरा करायचाय: लाकूड कुठलं, आणि हातात आलं की ओळखायचं कसं?

जवारीवेडी
नमस्कार मंडळी. गाणं शिकते, आणि लाकूडकामाचा नाद गाण्याच्याही आधीपासूनचा आहे. या दोन्हींचा मेळ घालून एक चपटा, पेटीसारखा तंबोरा करायचा आहे. भोपळा नाही, सगळा लाकडाचा, चार तारांचा.

एक प्रयत्न दोन वर्षांपूर्वी झाला. लाकूड 'पूर्ण वाळलेलं आहे' असं सांगून मिळालं होतं. मी विश्वास ठेवला, दांडी रंधून सरळ केली, तबली (पेटीवरची पातळ फळी) बसवली, तारा चढवल्या. तिसऱ्या महिन्यात दांडीला पीळ पडला. खुंट्यांच्या बाजूने एक डोळा मिटून पाहिलं की दांडीची दोन टोकं एका पातळीत नाहीत हे स्पष्ट दिसायचं. मग तबलीलाही घोडीपासून (तारा जिच्यावर टेकतात तिथून) वीतभर चीर गेली. त्याआधी पंधरा-वीस दिवस तो इतका छान बोलत होता की अजूनही आठवण आली की जीव हळहळतो.

आता घाई करायची नाही असं ठरवलंय. तून, साग, शिसम, फणस ही नावं ऐकून आहे. यातलं काय घ्यावं? नवं की जुनं? आणि समोर फळी ठेवली तर ती वाद्याच्या कामाची आहे की नाही, हे कशावरून ठरवायचं?

सागवान
माझं मत सागाला. एकदा मुरला की जागचा हलत नाही, वाळवी सहसा लागत नाही, हत्यारांना सरळ जातो. सरोद सागाचेही होतात, म्हणजे आवाजाला वाईट असतं असं नाही. फक्त चिकटवताना काळजी घ्या. सागात अंगचं तेल असतं, त्यामुळे जोड सुटू शकतो. ताजा रंधा मारून, अ‍ॅसिटोनने पुसून लगेच चिकटवा.

पटाशी
ताई, तुमचा तंबोरा का बिघडला ते आधी बोलू, लाकडाचं नाव नंतर.

मी तीस वर्षं तंतुवाद्यं दुरुस्त करतो. पीळ पडलेल्या दांड्या आणि चिरलेल्या तबल्या ज्या माझ्याकडे आल्या, त्यांत 'चुकीच्या जातीचं लाकूड' हे कारण फार क्वचित निघालं. बहुतेक वेळा लाकूड ओलं होतं, नाहीतर चुकीचं चिरलेलं होतं. तुमच्या बाबतीत मला दोन्ही दिसतंय.

फळीचं तोंड बघायचं, म्हणजे ओंडका जिथे आडवा कापला ती बाजू. तिथे वर्षवलयांच्या रेघा दिसतात. त्या रेघा फळीच्या पृष्ठभागावर उभ्या, काटकोनात आल्या असतील तर ती फळी तबलीला घ्या. रेघा पृष्ठभागाला समांतर, धनुष्यासारख्या वाकलेल्या असतील तर ती कपाटाला द्या. लाकूड वलयांच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच वलयांना आडवं आकसतं, आणि लांबीत तर जवळजवळ नाहीच. ३० सेंटीमीटर रुंदीची आडव्या रेघांची फळी दमट हवेतून कोरड्या हवेत आली की तीन-चार मिलिमीटर आत येऊ शकते. तबली कडांना चिकटवलेली असते, तिला आत यायला वाव नसतो. मग ती चिरते. उभ्या रेघांच्या फळीत हा ओढा निम्म्यावर येतो.

दुसरी गोष्ट तंतू. वरून रेघा सरळ दिसल्या म्हणजे आतला तंतू सरळ असतोच असं नाही. झाड वाढताना स्वतःभोवती पीळ घेत वाढलेलं असेल, तर आरा ते सगळं सरळ कापून टाकतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. लाकडाला मात्र तो पीळ आठवत असतो. टाकाऊ टोकाचा तुकडा घेऊन त्यात पाचर मारा. चीर तंतूच्या वाटेनेच जाते. ती फळीच्या कडेला समांतर गेली तर उत्तम. वीतभरात बोटभर बाजूला गेली तर ती फळी दांडीला घेऊ नका. पाचर मारायला तुकडाच नसेल तर कडेवर शाईचा एक थेंब सोडा. शाई तंतूच्या दिशेने पसरते, दोन मिनिटांत रेघ दिसते.

फणसासारख्या लाकडात तंतू एक थर इकडे, एक थर तिकडे असा गुंतलेला असतो. रंधा मारताना एक पट्टा गुळगुळीत निघतो आणि शेजारचा खरवडून उठतो. वीणा आणि मृदंग फणसाचे होतात ते याच गुंतलेपणामुळे: कोरलेलं अंग सहज फाटत नाही. पण पातळ तबलीसाठी मी तो घेत नाही.

जवारीवेडी
@पटाशी, जुन्या तबलीचं तोंड आत्ता बघून आले. रेघा धनुष्यासारख्या आहेत. चीर अगदी धनुष्याच्या मध्यावर गेली आहे. दोन वर्षं मी स्वतःच्या सरसाला दोष देत होते.

खुंटी
वाळण्याबद्दल थोडं. हवेत वाळवायचा जुना अंदाज इंचाला एक वर्ष असा आहे. पण तो अंदाजच. खरी खात्री तराजू देतो. फळीवर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहायचं, दर आठवड्याला पुन्हा तोलायचं. वजन उतरतंय तोवर पाणी निघतंय. दोन-तीन आठवडे वजन तेवढंच राहिलं की लाकूड त्या हवेशी जुळलं.

किती टक्के पाणी आहे ते काढायचं असेल तर त्याच फळीचा छोटा तुकडा कापून तोला, मग ओव्हनमध्ये १०३ अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. १०० ग्रॅमचा तुकडा ८८ वर थांबला तर १२ ग्रॅम पाणी गेलं, ते कोरड्या ८८ ने भागायचं. म्हणजे साडेतेरा टक्क्यांच्या जरा वर. वाद्यासाठी हे जास्त आहे. हवेत निम्मी आर्द्रता असते तेव्हा लाकूड नऊ टक्क्यांच्या आसपास स्थिर होतं. तेवढ्यावर आणून बांधलं तर पुढे दोन्ही बाजूंनी हलायला जागा राहते.

आणि ओली फळी घरी आणली तर पहिल्याच दिवशी दोन्ही तोंडांना मेण किंवा रंग फासा. तोंडाकडून पाणी फार वेगाने निघून जातं, मध्य ओलाच राहतो आणि टोकाला भेगा पडतात.

धैवत
मी पेशाने इंजिनिअर, वाजवतो हौसेने. 'टणत्कार ऐका' असं सगळे सांगतात, पण काय ऐकायचं ते नेमकं कुणी सांगत नाही, म्हणून लिहितो.

लाकडाची पट्टी घ्या. समजा लांबी ६० सेंटीमीटर, रुंदी १०, जाडी १. टोकापासून लांबीच्या २२ टक्क्यांवर, म्हणजे १३ सेंटीमीटरच्या थोडं पुढे, दोन बोटांच्या चिमटीत हलकी धरा. तिथे पट्टी कंप पावत नाही, त्यामुळे तुमची बोटं आवाज मारत नाहीत. आता बरोबर मध्यावर बोटाच्या पेराने ठोका. चांगलं लाकूड 'टंग' करून थोडा वेळ बोलत राहतं. मेलेलं लाकूड 'थप' करून गप्प होतं. एकाच झाडाच्या दोन फळ्यांतही हा फरक सापडतो, म्हणून शक्य असेल तिथे पाच-सहा फळ्या उचलून ठोकून बघा.

फोनवरच्या ट्यूनरने त्या आवाजाची कंपनसंख्या टिपा. लांबीचा वर्ग (मीटरमध्ये) गुणिले कंपनसंख्या, भागिले जाडी (मीटरमध्ये), भागिले १.०२८. येतो तो त्या लाकडातला आवाजाचा वेग, मीटर दर सेकंदाला. मग वजन भागिले आकारमान करून घनता काढा. वेग भागिले घनता हा आकडा जितका मोठा, तितकी ती तबली तारेची ताकद हवेत सहज सोडते. व्हायोलिन आणि गिटारच्या तबलीला स्प्रूस लागतो तो यासाठीच: हलका असून ताठ. त्याचा आकडा ११-१२ किंवा त्याहून वर जातो. मेपलचा साधारण त्याच्या निम्मा.

पटाशी
@धैवत, पद्धत उत्तम, मीही पट्टी तिथेच धरतो, फक्त २२ टक्के आहे हे आज कळलं. पण तंबोऱ्याबद्दल एक सांगायला हवं. जी तबली तारेची ताकद चटकन सोडते, तिच्यावर आवाज मोठा येतो आणि लवकर विझतो. गिटारला ते चालतं. तंबोऱ्यात पहिली तार विझायच्या आत चौथी यावी लागते, आणि जवारी, म्हणजे घोडीवर तार हलकी घासून येणारा झंकार, उलगडायला तारेला वेळ लागतो. आकडा सगळ्यात मोठा म्हणून ती फळी सगळ्यात चांगली, असं इथे धरू नका. शिवाय तंबोऱ्याची घोडी रुंद आणि जड. फार मऊ तबलीत ती रुतते.

सतार-तंबोऱ्यात तून चालत आला तो या मधल्या जागेमुळे. हलका आहे पण अगदी पिसासारखा नाही, पोकळ करायला आणि तासायला सोपा, आणि चांगला वाळला की शांत राहतो. महोगनीच्या कुळातलाच तो.

सागवान
म्हणजे साग बाद?

पटाशी
बाद नाही. पाठीला, कडांना, दांडीला खुशाल घ्या. तबलीला मी घेणार नाही, जड पडतो. पण हलकी, सरळ रेघांची सागाची फळी आणि गाठाळ, तिरक्या तंतूंचा तून अशी निवड असेल तर मी डोळे मिटून साग उचलेन.

खर्ज
शिसमाबद्दल कुणी बोललं नाही अजून. खुंट्या, घोडी, पट्टी, तबल्याच्या दायाँचं खोड, सगळीकडे तेच. घट्ट, जड, झिजत नाही.

पण घेताना कुठून आलंय ते विचारा. शिसम-शिसवीचं सगळं कूळ, म्हणजे डालबर्जिया, २ जानेवारी २०१७ पासून साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. म्हणजे देशाबाहेरचा व्यापार परवान्यानेच. ब्राझीलची रोझवूड तर १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात आहे, तिचा व्यापार जवळपास बंदच. वाद्य घेऊन प्रवास करणाऱ्या कलावंतांचे यात हाल झाले, म्हणून २०१९ मध्ये ब्राझीलची सोडून बाकी डालबर्जियाच्या तयार वाद्यांना, त्यांच्या सुट्या भागांना सूट मिळाली. कच्च्या लाकडाला नाही. मला हे नियम जाच वाटत नाहीत. एक शिसवी वाद्याजोगी जाड व्हायला माणसाचं आयुष्य जातं.

आणि पाठीसाठी दुर्मीळ लाकूडच हवं या समजुतीला तसा आधारही कमी आहे. २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. फक्त पाठ आणि कडा वेगवेगळ्या लाकडांच्या, बाकी सगळं सारखं, अशा सहा गिटारी ५२ वादकांना अंधाऱ्या खोलीत वाजवायला दिल्या. स्वस्त-महाग, दुर्मीळ-सर्रास, सगळ्यांना गुण जवळजवळ सारखेच पडले. त्याच्या खूप आधी, १८६२ मध्ये, स्पेनच्या तोर्रेस या गिटार बनवणाऱ्याने एका गिटारची पाठ आणि कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या होत्या आणि तबली चांगल्या लाकडाची ठेवली होती. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

जुनी_तुळई
मी सगळी वाद्यं जुन्या लाकडाची करते, म्हणून त्याबद्दल.

पाडलेल्या घरांच्या तुळया, मोडीत निघालेले पलंग, कपाटांचे फळे, दारांच्या चौकटी. पन्नास-साठ वर्षांत जे वाकायचं, आकसायचं ते होऊन गेलेलं असतं. इतक्या वर्षांत लाकूड हवेतलं पाणीही थोडं कमी पितं. चीनच्या छिन या वाद्यासाठी जुन्या देवळांच्या तुळया शोधण्याची परंपरा आहे, ती उगाच नाही.

पण जुनं म्हणजे आपोआप चांगलं असं नाही. खिळे आधी शोधा: लोहचुंबक फळीवरून सावकाश फिरवायचं, एक तुटका खिळा रंध्याचं पातं कायमचं घालवतो. टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली तर फळी पांढऱ्या कागदावर उभी करून आपटा. ताजा, पिठासारखा भुसा पडला तर किडा अजून जिवंत आहे. ती फळी घरात आणूच नका, शेजारच्या चांगल्या लाकडातही शिरेल. जुना रंग घासून काढताना मास्क हवाच, त्यात शिसं असू शकतं. शिसमाच्या आणि सागाच्या भुशानेही काहींना अंगावर पुरळ येतं, दम लागतो.

आणखी एक जागा लोक विसरतात: यंत्रांसोबत येणाऱ्या मोठ्या खोक्यांचं लाकूड. ते पुष्कळदा पाइन, फर किंवा स्प्रूस असतं, आणि शंभरात दोन-तीन फळ्या अशा सुंदर उभ्या रेघांच्या निघतात की बघत राहावं. त्यावर शिक्का असतो. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली: गाभ्यापर्यंत ५६ अंश, अर्धा तास. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, त्याला हात लावू नका. आणि एचटी म्हणजे वाळलेलं असा अर्थ घेऊ नका, तो शिक्का फक्त किडीबद्दल बोलतो.

टेलर गिटारच्या बॉब टेलर यांनी १९९५ मध्ये अशाच माल ठेवायच्या लाकडी पॅलेटच्या ओकची पाठ आणि कुठल्याशा साध्या बांधकामाच्या लाकडाची तबली घेऊन गिटार केली होती. ती छान वाजली, कारण फळी निवडणारा आणि तासणारा हात जाणता होता.

जवारीवेडी
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी येते आहे, पण गृहपाठ करून.

तीन लाकडं मिळाली. एका जुन्या कपाटाचा फळा, तून आहे असं एका जाणत्या सुतारकाकांनी सांगितलं. नवी सागाची फळी. आणि एचटी शिक्क्याची खोक्याची फळी. तिन्हींची ६० × १० × १ सेंटीमीटरची पट्टी काढली, @धैवत यांनी सांगितलं तशी धरली आणि ठोकली.

तून: २८८ ग्रॅम, म्हणजे घनता ४८०. आवाज ११८ हर्ट्झ, वेग साधारण ४१३०, आकडा ८.६.
साग: ४०२ ग्रॅम, घनता ६७०. १२९ हर्ट्झ, वेग ४५२०, आकडा ६.७.
खोका: २५८ ग्रॅम, घनता ४३०. १४३ हर्ट्झ, वेग ५०१०, आकडा ११.६.

कागदावर खोका जिंकला. पण @पटाशींचं वाक्य डोक्यात होतं म्हणून तिन्हींना पुन्हा पुन्हा ठोकून नुसतं ऐकत बसले. खोक्याची पट्टी खणखणीत बोलते. तुनाची खालच्या आवाजात बोलते, पण विझताना तिचा आवाज असा हळूहळू पातळ होत जातो, खर्ज सोडून दिल्यासारखा. शाईचा थेंब टाकला तर खोक्याच्या फळीवर तो तिरका पळाला, दहा सेंटीमीटरला सेंटीमीटरभर. तुनावर जवळजवळ सरळ.

त्या फळ्यावरचा हिरवा रंग काढून पहिला रंधा मारला तेव्हा आधी राखाडी कपचे उडाले, आणि मग एकदम आतून विटकरी-लाल रंग वर आला. मंद सुवासही आला, इतक्या वर्षांनी. मी रंधा खाली ठेवून थोडा वेळ फळीवर नुसता हात ठेवला.

तर तबली तुनाची. पाठ आणि कडाही त्याच फळ्यातून निघतील. दांडीला फळा पुरत नाही. सागाची घेऊ का?

पटाशी
घ्या. पण अखंड घेऊ नका. तीन उभ्या पट्ट्या काढा आणि मधली उलटी करून, म्हणजे तिची वलयं शेजारच्यांच्या विरुद्ध वळतील अशी, चिकटवा. एकीने पीळ घ्यायचं म्हटलं तर दुसरी अडवते. वजन स्थिर झाल्याशिवाय चिकटवू मात्र नका, फळी नवी आहे.

तबली एकदम शेवटच्या मापाला आणू नका. आधी सहा मिलिमीटरवर आणून दोन आठवडे कडेवर उभी ठेवा, दोन्ही बाजूंनी हवा लागेल अशी. नवा पृष्ठभाग उघडला की लाकूड पुन्हा थोडं हलतं. ते हलून झालं की मग चारवर, आणि तिथून पुढे मोजपट्टी कमी, कान जास्त.

खर्ज
खुंट्यांना शिसमाचे तुकडे हवे असतील तर मोडक्या खुर्चीचे पाय शोधा. तंतू लांबीच्या दिशेने गेलेला हवा, नाहीतर खुंटी पिळताना मानेत तुटते.

धैवत
तुनाचा तो विझतानाचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा ताई. तबली तासताना दर अर्ध्या मिलिमीटरला तसंच ठोकून रेकॉर्ड केलंत तर पुढच्या माणसाला फार उपयोग होईल.

जवारीवेडी
करते. दांडीच्या तिन्ही पट्ट्या मिळून दर रविवारी तोलते आहे: ६३१, ६२२, ६१७, ६१४, आणि आज पुन्हा ६१४. चिकटवू?

पटाशी
६१४ दोनदा आलं, बरं झालं. पण या दोन आठवड्यांत हवा सारखीच होती का? हवा एकदा बदलू द्या, म्हणजे दमट असेल तर कोरडी आणि कोरडी असेल तर दमट. त्यानंतर पट्ट्या सपाट जागेवर ठेवून टोकं उचलली गेलीत का बघा. एखादी डुगडुगली तर ती बाजूला काढा, तिच्या जागी दुसरी कापा. तिन्ही सपाट बसल्या तर त्याच दिवशी ताजा रंधा मारून, पुसून चिकटवा. मधली उलटी करायचं विसरू नका.